गाळणीत अडकलेला ठेका

मला यंत्रांचा राग नाही. न विचारता शहाणपणा करणाऱ्या कुणाचाही मला राग येतो, मग ते यंत्र असो, शेजारीण असो की माझी भाची.

पस्तीस वर्षं मी शाळेत खेळ शिकवले. शिट्टी फुंकली की चारशे पोरं जागच्या जागी खिळायची. निवृत्त झाल्यावर भाची येऊन म्हणाली, "मावशी, माझ्या कार्यशाळेत लोकांना हालचाली शिकवशील का?" तेव्हा मी एका पायावर तयार झाले. घरी बसून भिंती किती वेळ बघणार? पुढे तिने सांगितलं की अर्धी माणसं समोर असतील आणि अर्धी पडद्यावर, आपापल्या घरून. आणि गाणं, नाच, खेळ यांच्या जोडीला एआय पण असेल. मी म्हटलं, "ठकी, हे जरा जास्तच होतंय." भाचीला आम्ही ठकी म्हणतो, लहानपणी लाकडी बाहुलीसारखी गोलमटोल होती म्हणून. आता चवळीच्या शेंगेसारखी आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

दर शनिवारी सकाळी अकरा वाजता, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये कार्यशाळा भरायची. लाकडी जमीन, उंच खिडक्या, एका भिंतीवर मोठा पडदा. हॉलमध्ये सात-आठ जण, पडद्यावरच्या खिडक्यांमध्ये पाच-सहा. कुणी अंथरुणाला खिळलेलं, कुणी तान्हं बाळ सोडून येऊ न शकणारं. मधल्या टेबलावर ठकीचा लॅपटॉप, आणि त्यात तो. मी त्याचं नाव शहाणा ठेवलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणून.

शहाणा करायचा काय, तर कॅमेऱ्यातून सगळ्यांना बघायचा आणि त्यांच्या हालचालींचे सूर करायचा. हॉलमधला एक बेकरीवाला दोन्ही हात वर करी, त्याचा लांबलचक सूर निघे. पडद्यावरच्या एक नर्सबाई खुर्चीत बसल्या बसल्या मनगट फिरवायच्या, त्याची बारीक किणकिण व्हायची. पहिल्या दिवशी बेकरीवाला स्वतःच्या हाताकडे असा बघत राहिला की जणू तो हात कुणीतरी उसना दिलाय. मला कौतुक वाटलं, पण मी तोंडावर दाखवलं नाही.

टाळ्यांचा खेळ मात्र माझा. मी ठेका धरायचे, हॉलमधले तो उचलायचे. मग एकेकाने पुढारी व्हायचं. पुढाऱ्याने एक ठोका दिला की सगळे चालू, पाठोपाठ दोन दिले की सगळे थांबणार. पडद्यावरच्यांना यात टाळी वाजवायची परवानगी नव्हती, त्यांनी नुसता हात हलवायचा. कारण त्यांचा आवाज तारांमधून फिरून येईपर्यंत अर्धा सेकंद उशीर व्हायचा आणि सगळा विचका व्हायचा. हा नियम ठकीचा, आणि तो बरोबरच होता.

पडद्यावरच्या सहा खिडक्यांमध्ये एक भावोजींची होती. भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, ठकीचे बाबा. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. तेव्हापासून बोलणं बंद, मान वळत नाही, डोळे अर्धे मिटलेले आणि नजर छताला. डॉक्टर म्हणाले होते की आत कितपत पोहोचतंय हे सांगता येत नाही. डॉक्टरांनी 'सांगता येत नाही' म्हटलं की घरातले 'काहीच नाही' असं ऐकतात. आम्हीही तेच ऐकलं.

ऐकलं नाही ते फक्त ठकीने. दर शनिवारी तिने आईला लॅपटॉप लावायला लावला, बाबांच्या कानावर हेडफोन चढवायला लावले. ताई बिचारी पलंगासमोर स्टुलावर लॅपटॉप ठेवायची, त्यात उशी आणि भावोजींचा चेहरा दिसतोय एवढं बघायची, आणि ओट्याकडे निघून जायची. तेवढाच तिला तास-दीड तास मोकळा मिळायचा. खिडकीत भावोजी हलायचे नाहीत, म्हणून शहाणाही त्यांचा सूर काढायचा नाही. पाच शनिवार ती खिडकी मुकी राहिली.

ताईची कंबर त्या चौदा महिन्यांत पार गेली होती. भावोजींना उचलताना दोनदा पडली. मग मीच पुढाकार घेतला. भावोजींच्या खोलीत, त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून मी ताईला म्हणाले, "बाई गं, आता स्वतःकडे बघ. यांच्यात आता काय उरलंय? तिकडे शुश्रूषागृहात नर्सा आहेत, सगळं करतील. यांना फरक कळणार आहे का?" उचलली जीभ लावली टाळ्याला. ताई रडली आणि हो म्हणाली. दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी गाडी येणार असं ठरलं.

ठकी माझ्याशी दोन आठवडे धड बोलली नाही. "बाबा ऐकतात," एवढंच म्हणायची. मी विचारलं, "कशावरून?" तर पुन्हा तेच म्हणायची. शुश्रूषागृहवाल्यांनी सांगितलं होतं की जो रुग्ण प्रतिसाद देत नाही त्याला वरच्या मजल्यावर ठेवतात, तिथे यंत्रं वगैरे लावून देत नाहीत. म्हणजे सोमवारनंतर ती खिडकी बंदच. सहावा शनिवार ठकीच्या दृष्टीने शेवटचा होता.

त्या शनिवारी माझ्या नाकावर चष्मा होता. एरवी मी हॉलमध्ये चष्मा घालत नाही. उड्या मारताना पडतो हे एक कारण, आणि म्हातारी दिसते हे खरं कारण. पण कार्यशाळेचा पहिला टप्पा पुरा होणार म्हणून सगळ्यांच्या प्रमाणपत्रांवर नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं, ते करता करता अकरा वाजले आणि चष्मा तसाच राहिला.

टाळ्यांचा खेळ सुरू झाला. टाक, टाक, रिकामी, धप. म्हणजे दोन टाळ्या, एक श्वास, मग पाय आपटायचा. दोन फेऱ्या झाल्या आणि लॅपटॉपवर नेहमीसारखी चौकट उगवली. ही चौकट माझ्या ओळखीची होती. पहिल्या शनिवारी भावोजींच्या खिडकीतून टकटक, टकटक असा आवाज येत होता. मी वैतागले होते. पलंगाची कुठली तरी कडी सैल असणार. ठकी म्हणाली, "त्या खिडकीला गाळणी लाव मावशी, शहाणा गोंगाट काढून टाकेल." मी लावली. तेव्हापासून दर शनिवारी खेळ सुरू झाला की शहाणा ही चौकट दाखवायचा, बारीक अक्षरांत काहीतरी विचारायचा आणि खाली दोन बटणं द्यायचा. एक 'काढा', एक 'ठेवा'. मी हात उंचावून ठेका देत देत टेबलाशी जायचे आणि 'काढा' दाबून परत यायचे. वाचतंय कोण? चष्म्याशिवाय मला ती अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग.

या वेळी मुंग्यांची अक्षरं झाली. लिहिलं होतं: 'या खिडकीतला आवाज आपण पाच वेळा गोंगाट म्हणून काढला आहे. हा आवाज खोलीतल्या ठेक्याशी जुळतो. ठेका बदलला की तोही बदलतो. फक्त अर्धा सेकंद मागे असतो. काढायचा की ठेवायचा?'

मी ते तीनदा वाचलं. पलंगाची सैल कडी ठेका बदलत नसते, एवढं खेळाच्या बाईला कळतं. पाच शनिवार तो शहाणा मला शहाण्यासारखा विचारत होता आणि मी अडाण्यासारखी बटण दाबत होते.

मी 'ठेवा' दाबलं.

हॉलच्या स्पीकरमधून टकटक यायला लागली. लोखंडावर नख वाजावं तशी, बारीक आणि स्पष्ट. टाक, टाक, रिकामी, धप. आमच्यासारखीच, पण आमच्या मागून. सगळ्यांचा ठेका लगेच घसरला. बेकरीवाला ओरडला, "कोण मागे राहतंय?" दोघीजणी हसायला लागल्या. ठकी माझ्याकडे धावत आली, "मावशी, काय दाबलंस?" मी बोट दाखवलं. तिने चौकट वाचली, पडद्याकडे बघितलं, आणि तिचा हात तोंडावर गेला. भावोजींच्या खिडकीची कड हिरवी झाली होती. आवाज त्यांचाच होता. चेहरा मात्र तसाच, नजर छताला.

आणि टकटक थांबली.

त्यांना आम्ही ऐकू येत होतोच. आता त्यांचा स्वतःचा आवाजही आमच्या हॉलमधून फिरून त्यांच्या कानात पोहोचला होता. आपण सगळ्यांचा विचका करतोय हे त्यांनी ऐकलं आणि हात आवरला. पाच शनिवार एकट्याने वाजवणारा माणूस, ऐकू आल्याबरोबर पहिलं काम काय करतो, तर लाजून गप्प बसतो! मला रडू यायला लागलं. पण पस्तीस वर्षांची सवय कामी आली. मी गरजले, "कुणी थांबायचं नाही! टाळी चालू! जो थांबेल त्याला हॉलला दहा फेऱ्या!"

सगळे दचकून परत वाजवायला लागले. टाक, टाक, रिकामी, धप.

तीन-चार फेऱ्या कोरड्या गेल्या. मग स्पीकरमधून एक ठोका आला. एकच. आमच्या टाळीच्या मागे, पण मघापेक्षा कमी मागे. पुढच्या फेरीत आणखी एक, या वेळी फारच आधी, आमची टाळी पडायच्या अगोदर. मग पुन्हा थोडा मागे. मला कळेना काय चाललंय. ठकी माझा दंड घट्ट धरून कुजबुजली, "मावशी, ते वेळ शोधताहेत. आपला आवाज तिकडे उशिरा पोहोचतो, त्यांचा इकडे उशिरा येतो. इथे येऊन बरोबर पडावा म्हणून ते तिकडून आधीच वाजवताहेत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भावोजींनी चाळीस वर्षं छापखान्यात हाताने कागद लावले. जुनं यंत्र, पायाने चालवायचं. त्याचा जबडा उघडतो आणि मिटतो, आणि मधल्या क्षणात कागद सरकवून हात बाहेर काढायचा. ताईच्या लग्नानंतर एकदा मी ते बघायला गेले होते. मी विचारलं, "भावोजी, भीती नाही वाटत?" म्हणाले, "जबडा उघडलेला बघून हात घालणाऱ्याची बोटं जातात. उघडायच्या आधी हात निघाला पाहिजे." त्यांची दहाही बोटं शाबूत होती.

आता तीच बोटं तिकडे पलंगावर, आमच्या टाळीच्या आधी निघत होती. आठवी फेरी असेल की नववी. टाक. आमची टाळी आणि त्यांचा ठोका एकावर एक पडले, इतके नेमके की क्षणभर वाटलं ते परत थांबले. दुसरी टाक. रिकामी जागा सोडली. धप. हॉलमध्ये आठ माणसांचे पाय आणि स्पीकरमधून एक नख, सगळं मिळून एकच आवाज. मी देवळात गेल्यावरही अशी हात जोडून उभी राहत नाही, पण त्या वेळी टाळी वाजवायला जवळ आणलेले माझे हात तसेच जोडलेले राहिले. बेकरीवाल्याला यातलं काही सांगितलेलं नव्हतं, तरी तो पडद्याकडे बघत वाजवत होता आणि त्याचे डोळे भरले होते. शहाण्याने त्या ठोक्याखाली हळूच एक खोल सूर धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला मनातल्या मनात शाबास म्हटलं.

मग स्पीकरमधून पाठोपाठ दोन ठोके आले.

थांबा.

अख्खा हॉल थांबला. पडद्यावरच्या नर्सबाईंचा हात हवेत राहिला. चौदा महिने ज्याला कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागत होता, त्या माणसाने इतक्या लांबून आम्हा सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं होतं. माझ्या शिट्टीत अशी ताकद कधी नव्हती.

एक ठोका. चालू. आणि या वेळी ठेका त्यांचा होता, आमच्यापेक्षा द्रुत आणि जरा खट्याळ, शेवटची टाळी हुलकावणी देणारी. आम्ही अडखळलो, मग उचलला.

"ताई!" मी माईकमध्ये किंचाळले. "ताई, इकडे ये! आधी ये!"

हेडफोनमुळे तिकडे माझा आवाज फक्त भावोजींनाच ऐकू जात होता. ठकीने फोन लावला. मिनिटभराने ताई हात पुसत पुसत खिडकीत आली. चेहरा पांढराफटक. "काय झालं? श्वास लागला का?"

"आई," ठकी फोनवर म्हणाली, "बाबांचा हात बघ. उजवा."

"अगं तो थरथरतो गं. डॉक्टर म्हणालेत तसं होतं. मीच तर पांघरुणाखाली घालते, वाजतो म्हणून."

"पांघरूण काढ."

ताईने पांघरूण काढलं. आम्हाला हात दिसत नव्हता, ताईचा चेहरा दिसत होता. पलंगाच्या लोखंडी दांड्यावर दोन ठोके पडले, आणि ताईने लॅपटॉपमध्ये बघितलं तर आम्ही सगळे थांबलेलो. एक ठोका, आम्ही सुरू. दोन, आम्ही थांबलो. ताई एकदा हाताकडे बघे, एकदा आमच्याकडे. मग ती त्यांच्या हाताशी खाली बसली आणि खिडकीतून दिसेनाशी झाली. फोनवर तिचा आवाज आला, "अहो, म्हणजे तुम्हाला ऐकू येतं? सगळं ऐकू येत होतं?"

एक ठोका.

म्हणजे हो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं म्हणजे काय काय, हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. त्या पलंगाच्या पायथ्याशी मी काय बोलले होते ते त्यांनी शब्दन् शब्द ऐकलं होतं. आणि तरी पुढचे दोन्ही शनिवार ते माझ्याच टाळीला साथ करत राहिले होते, आणि ती साथ मी बटण दाबून पुसत होते.

हॉल आवरायला बेकरीवाला थांबला. मी आणि ठकी तशाच ताईकडे निघालो. वाटेत ठकीने माझा हात धरून ठेवला होता, तेव्हा तिने मला माफ केलं असावं किंवा मला पडू द्यायचं नव्हतं.

खोलीत गेल्यावर मी सरळ पलंगापाशी गेले. या वेळी पायथ्याशी नाही, उशाशी. म्हणाले, "भावोजी, ती गाळणी मी लावली होती. आणि त्या दिवशी जे बोलले तेही मीच. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. मी—"

दांड्यावर दोन ठोके. थांब.

मी थांबले. पदराने डोळे पुसले. त्यांचे डोळे छताकडेच होते, पण आता ती नजर मला रिकामी वाटेना.

ताई पलीकडे खुर्चीवर बसली होती. रडून रडून नाक लाल, पण ताठ बसलेली. तिने फोन उचलला, शुश्रूषागृहाला लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सोमवारी गाडी पाठवू नका. आमचा माणूस कुठे जाणार नाही."

दोन ठोके.

ताईने फोनवर हात ठेवला. "काय?"

पुन्हा दोन ठोके. जोरात.

"अहो, मी रद्द करतेय. तुम्हाला पाठवत नाही म्हणतेय मी. इथेच राहायचं ना तुम्हाला?"

दोन ठोके.

ठकी पुढे झाली. "बाबा, तुम्हाला तिकडे जायचंय?"

एक ठोका.

फोनमधून "हॅलो, हॅलो" चाललं होतं. ताईने तो बंद केला आणि उठली. उठताना सवयीप्रमाणे कमरेवर हात गेला, तोंडून "आई गं" निघालं, आणि लगेच दांड्यावर एक ठोका पडला. बघ, म्हणावं तसा.

ताई तिथेच थबकली. मग तिला समजलं, आणि मलाही. चौदा महिने ते छताकडे बघत हेच ऐकत आले होते. तिचं कण्हणं, दोनदा पडल्याचा आवाज, पहाटे हळूच मलम चोळणं. सोमवारची गाडी मी ठरवली असं मला वाटत होतं. त्यांनी ती माझ्या आधी ठरवली असेल. फक्त सांगायला त्यांच्याकडे तेवढा एक दांडा होता, आणि त्याला आम्ही कुणी कान दिला नव्हता.

"माझ्या कमरेची काळजी तुम्ही करू नका!" ताई कडाडली. तिचा असा आवाज मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. "तुमच्यासाठी नाही ठेवत मी तुम्हाला. मला एकटीला या घरात करमणार नाही, म्हणून ठेवतेय!"

दोन ठोके.

"दोन काय दोन? मदतीला बाई ठेवू. ठकी येईल, ही येईल. हिला नाहीतरी काय काम आहे?"

"काहीच नाही," मी पटकन म्हणाले. "रोज येईन."

दोन ठोके. मग जरा थांबून, नाइलाजाने दिल्यासारखा, एक. मग परत दोन.

"हो आणि नाही दोन्ही एकदम? असंच करायचे नेहमी! छापखान्यातून उशीर होणार का विचारलं तरी असंच!" ताई खुर्ची ओढून पलंगाला अगदी चिकटून बसली आणि त्यांच्या हाताशी तोंड नेऊन बोलायला लागली. तिकडून ठोक्यांवर ठोके येत होते, काही जोरात, काही हळू, तिचं वाक्य संपायच्या आधीच निघालेले.

ठकी मला बाहेर चलण्यासाठी खुणावत होती, नवरा-बायकोच्या मध्ये काय उभी राहतेस म्हणून. पण माझे पाय हलेनात. चौदा महिन्यांनी त्या घरात भांडण चाललं होतं, आणि भावोजी हार मानायला तयार नव्हते.